हाक कोणाला होती

सुट्टी चार दिवसांची होती आणि हॉटेल ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. नवरा छापखान्यात मशीनवर. पाठ्यपुस्तकांची छपाई जोरात असल्यामुळे तो घरी यायचा तो शाई लागलेली बोटं आणि मिटू पाहणारे डोळे घेऊनच. "तू ठरवशील ते," म्हणून तो मोकळा झाला. थोरली आठ वर्षांची, तिला घसरगुंडीचा पोहण्याचा तलाव पाहिजे होता. धाकटा चार वर्षांचा, घरात सगळे त्याला गुंड्याच म्हणत. ताईला जे पाहिजे ते त्याला पाहिजे होतं, आणि तिच्याआधी पाहिजे होतं.

तिला स्वतःला पाहिजे होत्या कड्या. बाल्कनीच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशी कडी, तलावाला कुंपण, कुंपणाला आपोआप बंद होणारं फाटक. हॉटेलांच्या फोटोंत हे काहीच दिसत नाही. फोटोंत सगळी मुलं हसत असतात आणि पाणी निळंशार असतं. म्हणून तिनं यादी केली आणि दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत एकेका हॉटेलला फोन लावायला घेतला. पहिल्या हॉटेलातल्या मुलीनं "सगळं एकदम सुरक्षित आहे मॅडम" हे वाक्य चार वेळा म्हटलं. दुसऱ्यानं कुंपणाचं विचारल्यावर तिला जेवणाच्या वेळा सांगितल्या.

तिसऱ्या हॉटेलचा फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईचा आवाज आला. वयस्कर, संथ.

"मुलं केवढी आहेत?" त्या बाईंनी आधीच विचारलं.

"मुलगी आठची, मुलगा चारचा."

"मुलगी साठची?"

"आठ. आठ वर्षांची."

"आठ. बरं. आणि तो चारचा. मग तुम्ही तळमजल्याची खोली घेऊ नका. तलावाचं फाटक तिथून बावीस पावलांवर आहे. मोठ्या माणसाची बावीस."

ती लिहिता लिहिता थांबली. इतकं खरं बोलणारं तिला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

"फाटक आपोआप लागतं का?"

"लागल्यासारखं दिसतं. हातानं ओढून बघायचं. दर वेळी ओढून बघायचं." थोडा वेळ पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. "मुलगा हाक कशी मारतो? मोठ्यानं मारतो का?"

"मोठ्यानं मारतो," ती म्हणाली. पण तोवर पलीकडून फोन ठेवला गेला होता.

ती कान तपासायचं काम करायची. सतरा वर्षं काचेच्या त्या छोट्या खोलीत माणसं बसवून, त्यांच्या कानांत बारीक शिट्ट्या सोडून, कोणाला काय ऐकू येत नाही ते कागदावर उतरवत आली होती. त्यामुळे जेवणाचा डबा उघडताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या बाईंना बारीक आवाज येत नाहीत. बोलणं कळतं, पण शब्दाची सुरुवात हातातून निसटते. आणि त्या हे कोणाला सांगत नसाव्यात.

रात्रीच्या जेवणावेळी तिनं हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "फाटक लागत नाही असं जे हॉटेल स्वतःहून सांगतं, ते एक तर फार चांगलं असेल नाहीतर फार वाईट. रविवारी जाऊन बघू या."

रविवारी ते चौघं गेले. गाडीच्या डिकीत तिची तपासणीची पेटी तशीच पडून होती, आदल्या दिवशी ती वृद्धाश्रमात जाऊन आली होती. दोन तासांचा रस्ता. गुंड्याला निम्म्या वाटेत दोनदा उलटी झाली आणि हॉटेल दिसताच तो खडखडीत बरा झाला.

हॉटेल चांगलंच होतं. बुटक्या, लांबलचक इमारती, मध्ये हिरवळ, झोपाळे, आणि कडेला कुंपणाआड तलाव. व्यवस्थापक साधा, घाईत नसलेला माणूस होता. त्यानं खोल्या दाखवल्या, बाल्कनीच्या वरच्या कड्या दाखवल्या. तलावाच्या फाटकाशी आल्यावर तिनं ते उघडलं आणि सोडून दिलं. खट् आवाज करत ते लागलं. तिनं ओढून बघितलं. हललं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा ते घट्ट लागलं.

"हे लागत नाही असं तुमच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या."

"आमच्याकडे फोनवर बाई नाहीत," व्यवस्थापक म्हणाला. "दोघं मुलगे आहेत." आणि मग त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही दुपारी केला होता का फोन?"

नवऱ्यानं एकदा तिच्याकडे, एकदा व्यवस्थापकाकडे पाहिलं आणि मुलांना घेऊन झोपाळ्यांकडे गेला. त्याला लागलीच कळायचं, कुठून बाजूला व्हायचं ते.

व्यवस्थापकानं काही लपवलं नाही. अकरा वर्षांपूर्वी इथे मुलं सांभाळायला एक बाई होत्या. आईबाप जेवायला गेले की मुलं त्यांच्यापाशी खेळघरात. सगळी मुलं त्यांना बाई म्हणत, मग मोठी माणसंही म्हणू लागली. एका दुपारी त्या कपाटातून कोरडे टॉवेल काढत होत्या, पाठ वळलेली होती, आणि चार वर्षांचा एक मुलगा दारातून निघून फाटकापाशी गेला. तेव्हाचं फाटक जुनं होतं, नीट लागत नसे. कुंपणापलीकडे माळी काम करत होता. चौकशीत तो म्हणाला की पोरानं दोन-तीनदा हाक मारल्याचं त्यानं ऐकलं होतं. पण मुलं दिवसभर हाका मारतच असतात. बाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. त्या खोलीत दहा पावलांवर होत्या.

"फाटक त्याच महिन्यात बदललं," व्यवस्थापक म्हणाला. "खेळघर बंद केलं, नवीन तिकडे बांधलं. बाई गावातच राहतात, रोज दुपारी येऊन त्या जुन्या खोलीत बसतात. मालक म्हणाले, येऊ द्या. तिथला जुना फोन काढायचा राहून गेलाय, कोणी उचलला नाही की तिथे वाजतो. मी त्यांना किती वेळा सांगितलं की उचलू नका."

तिनं निघून जायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण ती गाडीपाशी गेली आणि डिकीतून पेटी काढली.

जुन्या खेळघराचं दार उघडंच होतं. आत भिंतीला मुलांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली रंगवलेलं एकेक चित्र: ससा, छत्री, बदक. बाई एका बुटक्या, मुलांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ती आत आली हे त्यांना कळलं नाही, तिची सावली जमिनीवर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आठ वर्षांची मुलगी, चारचा मुलगा," ती म्हणाली. "मी फोन केला होता."

बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. "फाटक ओढून बघितलंत?"

"बघितलं. लागतं ते."

"सगळे तसंच म्हणतात."

ती दुसरी बुटकी खुर्ची ओढून समोर बसली. गुडघे हनुवटीला टेकत होते. आपण काय काम करतो ते तिनं सांगितलं आणि सरळच विचारलं, "बाई, तुम्हाला कधीपासून कमी ऐकू येतं?"

बाई म्हणाल्या, "त्याच्या आधी तीन वर्षं. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर मुलं माझ्या ताब्यात कोणी दिली असती?" त्यांनी पदरानं ओठ पुसले. "आता उलटं आहे. आता मला तो ऐकू येतो. रोज. दुपारी, तलावाच्या बाजूनं. बाई, बाई, अशी हाक मारतो. मी इथे नसले तर त्याला ओ कोण देणार?"

असं ऐकणारी माणसं तिनं पाहिली होती. ज्या कानांना बाहेरचा आवाज पोचत नाही, त्यांच्यासाठी डोकं स्वतःच आवाज तयार करतं. कोणाला बंद रेडिओ ऐकू येतो, कोणाला गळका नळ. तिनं ते समजावून सांगितलं, जसं ती रोज सांगायची तसं. कानाला मशीन लावलं की पुष्कळांचं ते थांबतं, असंही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"थांबलं तर?" त्या म्हणाल्या. "मग तो बोलवत राहील आणि मला कळणारच नाही. पुन्हा."

ती एवढंच म्हणाली, "दहा मिनिटं लावून बघा. नको वाटलं तर मी काढून घेते."

तिनं तोंडासमोर कागद धरून शब्द वाचले. कान म्हटलं की बाई पान म्हणायच्या, ताट म्हटलं की पाट. ओठ झाकले की त्यांच्या शब्दांचं तोंडच बदलून जायचं. तिनं पेटीतलं एक मशीन त्यांच्या उजव्या कानाला जुळवलं, छोट्या संगणकावर बारीक आवाजांची पट्टी हळूहळू वर नेली आणि पुन्हा वाचलं. कान. "कान." ताट. "ताट." बाई दचकून स्वतःच्याच पदराकडे बघायला लागल्या. कापडाचा आवाज त्यांना कित्येक वर्षांनी आला होता.

मग त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. मान खिडकीकडे वळवली. बाहेर ऊन रखरखत होतं. तिनंही कान दिला. तलाव शुद्ध करणाऱ्या यंत्राची घरघर होती, बाकी काहीच नव्हतं.

"ताई म्हणतोय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बाई नाही म्हणत तो. ताई म्हणतोय. ताई, ताई. त्याची बहीण होती इथेच, खोलीत. चित्र रंगवत बसली होती." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "तो मला बोलवतच नव्हता."

आपलाच गुंड्या असणार, असं ती स्वतःला सांगत होती. झोपाळ्यावरून ताईला हाका मारत असेल, मशीननं तो आवाज उचलला असेल. ती उठली आणि हिरवळीवरून जवळजवळ धावतच गेली. झोपाळे रिकामे होते. गाडी झाडाखाली उभी होती, सगळी दारं उघडी. नवरा पुढच्या सीटवर पेपर वाचत होता, थोरली त्याच्या शेजारी पाय वर घेऊन बसली होती आणि मागे गुंड्या तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

"अर्धा तास झाला झोपून," नवरा म्हणाला. "तुला काय झालं? पांढरी पडलीस."

"काही नाही," ती म्हणाली. मुलाच्या छातीवर तिनं हात ठेवला आणि तो वर-खाली होईपर्यंत काढला नाही.

ती परत गेली तेव्हा बाई तिथेच बसल्या होत्या, रडत होत्या, पण चेहरा मोकळा दिसत होता. मशीन त्यांनी काढून द्यायला नकार दिला आणि तिनंही मागितलं नाही, दवाखान्याचा नंबर तेवढा लिहून दिला. गुंड्या गाडीत झोपला होता हे तिनं त्यांना सांगितलं नाही. हॉटेल ठरवलं नाही, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्यानं परतीच्या वाटेवर एकदाच विचारलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून विषय सोडून दिला.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात बाईंचा फोन आला. आवाज चांगला येतो म्हणाल्या, स्वतःच्या बांगड्यांची किणकिण ऐकू येते म्हणाल्या. हॉटेलात आता रोज जात नाहीत. मग त्या अडखळल्या.

"त्याची बहीण आता एकोणीस वर्षांची असेल. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला कळवावं असं वाटतं. त्याचा शेवटचा शब्द तिच्यासाठी होता, तिला ते मिळायला हवं ना?"

बाहेर तिचे चार पेशंट बसले होते. ती खुर्चीतून उठून उभी राहिली, का ते तिचं तिलाच कळलं नाही.

"नका कळवू," ती म्हणाली.

"पण ते तिचं आहे."

"बाई, ती खोलीत होती. तिचे कान चांगले होते."

बाईंचा आवाज आला, "म्हणजे तिनं..."

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ती आठ वर्षांची होती, चित्र रंगवत होती. नका कळवू."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग हे आपल्या दोघींतच राहील."

सुट्टीला ते डोंगरातल्या एका जुनाट हॉटेलात गेले. तलाव नव्हता. थोरलीनं पहिला दिवस रुसण्यात घालवला, दुसऱ्या दिवशी तिला वाचनालय सापडलं आणि ती गोष्टीच्या पुस्तकात बुडाली. तिसऱ्या दुपारी ती व्हरांड्यात वाचत होती, नवरा आत लवंडला होता आणि गुंड्या बागेत कुठेतरी होता. "ताई," त्याची हाक आली. "ताई, ये ना."

थोरलीनं पान उलटलं.

"ताई..."

पायरीवर बसलेल्या आईच्या जिभेवर वाक्य आलंच होतं: अगं, तो हाक मारतोय, ऐकू येत नाही का तुला? तिनं मुलीकडे बघितलं. वाकलेली मान, ओठांत धरलेली वेणी, डोळे ओळींवरून पळत असलेले. आठ वर्षांची.

तिनं ते वाक्य गिळलं, चपला पायांत सरकवल्या आणि ती स्वतःच बागेत गेली. गुंड्याला झाडाखाली एक गोगलगाय सापडली होती.

"तू नाही," तो म्हणाला. "ताई पाहिजे."

"मीच आले," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसली.