मला लंगोट म्हणणाऱ्यांसाठी

मी एक जुना पट्टा आहे. रीतीप्रमाणे जन्मापासून सांगायला हवे, पण मी सुरुवात करतो एका पत्रापासून. ते पत्र पानगळीच्या दिवसांत आले. माझे मालक आल्फे व्हिन्यो यांनी ते पुन्हा पुन्हा वाचले, घडी घालून एका जाड पुस्तकात खूण म्हणून ठेवले आणि उत्तर दिले नाही. ते पुस्तक वाचून संपले, तेव्हा पत्र पुढच्या पुस्तकात गेले. सगळा हिवाळा ते असेच पुस्तकांमधून फिरत राहिले. माझी खुंटी स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, त्यामुळे मला हे सगळे दिसत होते.

पत्र लेओंतीन शेव्हारीचे होते. ती मूळची आमच्या मादलेन बेटांवरची, आता लग्न होऊन समुद्रापलीकडे गास्पेला असते. तिने लिहिले होते, "मास्तर, माझं मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालं. उजव्या कुशीत हातभर व्रण आहे. डॉक्टर म्हणतात, पाण्यावर जा, पण व्रणावर दाब नको. माझा पट्टा ओढ बसली की वर चढतो आणि बरगड्यांखाली रुततो. मी कुठला घेऊ? दुकानात विचारलं तर ज्यानं त्यानं आपल्याकडे शिल्लक होता तोच दाखवला. तुम्ही सांगाल तो घेईन. नाहीतर बर्फ वितळलं की पतंग विकून टाकते. घरात नुसता पडलेला बघवत नाही."

आता मी कसला पट्टा, ते सांगतो. मोठा पतंग आभाळात सोडून, पायाखाली फळी घेऊन, वाऱ्याच्या ओढीवर समुद्र कापत जाणारी माणसे तुम्ही चित्रात तरी पाहिली असतील. त्या पतंगाची ओढ हातांनी पेलत नाही. ती अंगावर घ्यावी लागते आणि त्यासाठी अंगाला हार्नेस बांधतात. माझ्या पोटाशी पोलादी आकडा आहे, त्यात पतंगाची दांडी अडकते. आमच्यात दोन जाती आहेत. एक कमरेभोवती आवळायचा कमरपट्टा. दुसरा माझ्यासारखा बैठकीचा. माझ्या दोन पट्ट्या मांड्यांखालून येतात, त्यामुळे माणूस माझ्यात झोपाळ्यात बसावा तसा बसतो आणि मी जागचा हलत नाही.

माझा जन्म शिडे शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. मला शिवणारी बाई कमी बोलायची. जिथे ताण येणार तिथे ती चौकोन शिवायची, चौकोनात फुली मारायची आणि मग दोन्ही हातांनी ओढून बघायची. माझ्या पाठीवर तिने एक जाड मूठ लावली. ती मूठ कशासाठी, हे मला आल्फे मास्तरांकडे आल्यावर कळले. नवशिक्या पाण्यात उतरला की मास्तर मागे उभे राहून ती मूठ धरायचे. वाऱ्याचा झोत आला की मूठ घट्ट, झोत गेला की सैल. धरलेल्या माणसाला ते कधी कळायचेसुद्धा नाही.

आल्फे मास्तर शाळेच्या ग्रंथालयात होते. पन्नाशी उलटल्यावर हा नाद त्यांना लागला. चारचौघांत दोन वाक्ये बोलताना ज्यांचे कान लाल व्हायचे, ते किनाऱ्यालगतच्या उथळ खारकच्छात उतरले की निराळेच दिसायचे. आमची जोडी ठरलेली होती. त्यांनी मला निवडले तेव्हा दुकानदार हसून म्हणाला होता, "मास्तर, हा तर आजोबांचा लंगोट!" मास्तरांनी रबरी पोशाख अंगात चढवला, कारण आमच्याकडचे थंड पाणी त्याशिवाय सोसत नाही आणि त्या जाडीवरच माप घ्यायचे असते. मग मला बांधले, आणि दुकानाच्या तुळईला दोर बांधून चक्क लटकले. दुकानदाराचा चहा पिऊन होईपर्यंत लटकून राहिले. खाली उतरून म्हणाले, "हाच."

पुढे त्यांनी शिष्यांनाही तोच नियम लावला. आधी तुळईला लटकायचे, चहा संपेपर्यंत. कुठे रुतते, कुठे चढते, कुठे मुंग्या येतात ते सांगायचे. मगच पाणी. बारीक कमरेच्या, हवेत कोलांट्या मारणाऱ्या पोरांना त्यांनी खुशाल कमरपट्टे दिले. ते त्यांना शोभायचेही. माझ्यात काही दोष नाही असे मी म्हणणार नाही. माझा आकडा खाली असतो, त्यामुळे उड्या जड जातात, आणि मांड्यांच्या पट्ट्या नीट बसल्या नाहीत तर चामडी सोलवटते. पण ज्याचे पोट सुटले आहे, ज्याची पाठ धरते, ज्याच्या बरगड्यांना जपायला हवे, त्याला विचारा.

माझ्या अभिमानाचा दिवसही सांगतो. एका उन्हाळ्यात मोंत्रेआलहून आलेला एक पाहुणा झगझगीत कमरपट्टा बांधून उतरला. तो सैल होता. भरदुपारी वारा वाढला आणि त्याचा पट्टा पार काखेत गेला. बिचारा दांडीला टांगलेल्या शर्टासारखा लोंबकळत होता. हात गळून गेले होते, आणि वारा त्याला किनाऱ्यापासून दूर नेत होता. मास्तर माझ्यात बसून त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या पाठीची मूठ धरून त्याला वाळूपर्यंत ओढत आणले. दोन माणसांचे ओझे त्या दिवशी माझ्या फुल्यांवर होते. एकही टाका उसवला नाही. पाहुणा जाताना आपला पट्टा आमच्याकडेच टाकून गेला. तो अजून माझ्या शेजारच्या खुंटीवर आहे आणि फारसे बोलत नाही.

मग मास्तरांचे गुडघे गेले. मी खुंटीवर गेलो. मित्रांनो, खुंटीवरचे आयुष्य वाईट नसते, फक्त लांब असते. एका वर्षी मी-कारेमच्या सणाला, तोंडे झाकून घरोघरी जाऊन "ओळखा मी कोण" म्हणायचे असते तेव्हा, शेजारच्या एका टवाळाने मला लांब चड्डीवर बांधले आणि अख्ख्या गावात फिरवले. लोक हसून हसून गालिच्यावर लोळले. मास्तरही ओशाळून हसले. मला मात्र ते लागले. पण परत आणल्यावर मास्तरांनी मला गोड्या पाण्यात धुतले आणि सावलीत वाळत घातले, समुद्रावरून आणल्यावर घालायचे अगदी तसेच.

तर ते पत्र. मास्तर उत्तर लिहायला बसायचेच नाहीत असे नव्हे. बसायचे. पहिल्या पानावर बरगड्यांची रचना, दुसऱ्यावर हार्नेसचा इतिहास, तिसऱ्यावर 'अर्थात मी काही तज्ज्ञ नाही', आणि मग सगळे चुलीत. त्यांची थोरली बहीण देल्विना समोरच राहते. मासळीच्या कारखान्यात उभा जन्म गेलेली बाई. एके सकाळी ती कॉड माशाच्या वड्यांचे ताट घेऊन आली ती तणतणतच.

"आल्फे, लेओंतीननं पतंग विकायला काढला. तिच्या मावशीनं सांगितलं. गिऱ्हाईक रविवारी येतंय."

मास्तरांचा पेला अर्ध्यावर थांबला. "रविवारी?"

"नाही, पुढच्या जन्मी! अरे, पोरीनं विचारलं होतं ना तुला? काय कळवलंस?"

"काही नाही. म्हणजे, अजून पुरतं ठरलेलं नाही."

"पोप निवडतोयस का तू? एक पट्टा सांगायचाय."

"अगं, चुकलं तर? व्रण आहे तिला. माझ्या शब्दावर ती पाण्यात उतरणार. मी कोण मोठा लागून गेलो? आताची पोरं टणक पाठीचे काय काय पट्टे वापरतात. मी सगळं वाचलंय, पण…"

"वाचलंयस! लटकून बघितलंस का?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "बघितलं. काल. दोन्ही पट्टे. दोन्ही बसतात मला."

देल्विनाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुला काय नाही बसणार? काठीला गोणपाट बांधलं तरी बसतं. ती लेओंतीन माझ्यासारखी आहे, चांगली भरलेली."

मास्तरांचे कान लाल होत गेले. त्यांच्या मनात काय आले ते मला कळले, आणि ते बोलून दाखवणे त्यांना जन्मात जमणार नाही, हेही कळले. पण बहीण ती बहीण.

"नाही," देल्विना म्हणाली. "आल्फे, नाही. मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे."

"तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय," मास्तर पुटपुटले. "व्रण त्याच बाजूला आहे."

"वीस वर्षं झाली त्याला!"

"म्हणूनच. दुखणार नाही, पण दाब पडला तर कळेल तुला."

"कोणी बघितलं तर?"

"दार लावतो."

मित्रांनो, लगेच मागच्या खोपटात तुळईला दोर पडला. रबरी पोशाखाच्या जाडीसाठी देल्विनाने लोकरीचे दोन स्वेटर चढवले. आधी शेजारच्या कमरपट्ट्याची पाळी आली. मास्तरांनी तो आवळला आणि दोर ताणला. देल्विनाचे पाय जमिनीवरून सुटले, आणि पट्टा सरकत सरकत थेट बरगड्यांखाली गेला.

"उतरव! उतरव मेल्या! व्रणावरच बसलाय! सुकत घातलेल्या कॉडसारखी दिसतेय मी!"

मग मी. माझ्या अंगात इतक्या वर्षांनी मास्तरांखेरीज दुसरे माणूस कामासाठी शिरले. मास्तरांनी मांड्यांच्या पट्ट्या एकेक करून बसवल्या आणि विचारले, "इथं रुततंय? इथं?" त्यांचा आवाज आता पाण्यावरचा होता, लाजरा नव्हता. दोर ताणला. मी सगळी ओढ खाली मांड्यांवर घेतली आणि कुशीला बोट लावले नाही. माझा जन्म ज्यासाठी झाला, ते मी केले.

देल्विना हळूच झुलली. पुन्हा झुलली.

"व्रण?" मास्तरांनी विचारले.

"कुठला व्रण? इथं बसून मी एक मोजा विणून काढीन." ती पायाने भिंतीला रेटा देत म्हणाली, "चहा आण. तुझा नियम आहे ना? आणि वडी पण आण."

चहा संपेपर्यंत ती माझ्यात बसून होती. मास्तर खाली उभे राहून वर बघत होते. त्यांचा चेहरा मी पाण्यावर असतानाही इतका मोकळा पाहिला नव्हता. पण लगेच त्यांना पुन्हा शंका आली. "तुला बसला म्हणून तिला बसेलच असं नाही. कागदावर काहीही लिहिलं तरी तिला लटकून बघावंच लागेल. आणि गास्पेला असा पट्टा कोणी दुकानात ठेवत नाही."

"मग?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले.

"मग हाच जाईल," ते म्हणाले.

तो दिवस आणि पुढचा दिवस त्यांनी माझी तपासणी केली. भिंग घेऊन प्रत्येक टाका पाहिला. मांड्यांच्या पट्ट्या उन्हाने जरा कडक झाल्या होत्या. त्या काढून नव्या लावल्या, चौकोन शिवून आत फुली मारून. मग तुळईला मला टांगून माझ्यात बटाट्यांची पोती ठेवली आणि वर स्वतः चढून बसले. मी कुरकुरलो नाही. म्हाताऱ्याला अशी परीक्षा कोणी घेतली तर राग यावा, पण मला वाटले, घ्या. हवी तितकी घ्या.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी खुंटीवर असेल. त्याला जुना म्हणा, हसायचे असेल तर हसा. पण अधूनमधून त्याचे टाके बघत जा, खारे पाणी धुऊन टाका, उन्हात करपू देऊ नका. त्याला कामाला कधी बोलावणे येईल ते सांगता येत नाही.

यावेळी मास्तरांनी एकच चिठ्ठी लिहिली आणि ती चुलीत गेली नाही. "लेओंतीन, हा बैठकीचा पट्टा घे. पोशाख घालून आधी तुळईला लटक, चहा संपेपर्यंत. व्रणावर जरा जरी दाब पडला तर परत पाठव. डॉक्टरांनाही दाखव. नाही पडला तर असाच नवा घे, तोवर हा वापर. उड्या मारता येणार नाहीत. वापरल्यावर गोड्या पाण्यात धू. पतंग विकू नकोस. उशीर केला. आल्फे."

टपाल कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. खिडकीमागे ग्रासियें होता, सगळ्या गावाच्या चौकशा करणारा. मला खोक्यात घालून वर दोरी बांधली होती, पण ऐकू सगळे येत होते.

"मास्तर, तुम्ही आणि पार्सल? आत काय आहे? फॉर्मवर लिहावं लागतं."

रांगेत मागे कोणी खोकले. देल्विना सोबत होती. तिने तोंड उघडल्याचे मला कळले, आणि तेव्हाच मास्तरांनी तिच्या आधी बोलायला घेतले. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"हार्नेस. बैठकीचा. माझा स्वतःचा, आणि चांगला आहे."

"तो तर लंगोट…" मागून कोणी सुरुवात केली.

"तू लटकून बघितलायस?" देल्विना वळून म्हणाली. "मी बघितलाय."

कचेरीत हशा पिकला. पण मित्रांनो, हसण्याहसण्यात फरक असतो, हे मला खोक्यातूनही कळले. ग्रासियेंने मला तराजूवर ठेवले आणि म्हणाला, "विमानानं पाठवतो मास्तर. शनिवारी पोचेल." मग माझ्यावर ठपकन शिक्का मारला, आणि लेओंतीनच्या पत्राचे उत्तर, म्हणजे मी, टपालाच्या थैलीत जाऊन बसलो.