पेशंटचं नाव

प्रयागबाईंनी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि सुनेच्या लॅपटॉपशेजारी बसकण मारली.

"रिपोट नाही भेटला."

"काहून?" ज्योत्स्नाने हेडफोन काढला. उद्या सकाळी रिसोडला सासऱ्यांचं ऑपरेशन होतं आणि रक्ताच्या रिपोर्टशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

"दवाखान्यातल्या त्या पोरीच्या कम्प्युटरवर नावाच्या जागी निसते चौकोन. सगळ्याइचेच तसे. मले म्हने, पेशंटचं नाव सांगा. मी म्हटलं, हरीओमचे बाबा."

"मंग?"

"मंग काय. असं नाव नाही म्हने."

पुढे काय झालं, हे ज्योत्स्नाला विचारावं लागलं नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर सासूबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही त्यांची पक्की समजूत. एरवी सून यावरून त्यांची हमखास फिरकी घ्यायची. आज घेतली नाही, कारण ते चौकोन तिनेच तपासलेल्या सॉफ्टवेअरमधले होते.

लॅबचं सॉफ्टवेअर दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला माहिती कशी देणार, याचा करार ठरलेला असतो. दोघं तो पाळतात का, हे पुण्याच्या कंपनीसाठी केनवडच्या घरात बसून तपासणं हेच तिचं काम. वर्षभर चाचण्या पास, हिरव्यागार. नमुन्यादाखल पेशंटचं नाव तिने इंग्रजी अक्षरांत टाकलं होतं, सगळेच टाकतात तसं. पेशंट मराठी, तपासणारीही मराठी, आणि मराठी अक्षरं टाकून बघायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

आधी तिने दवाखान्यात फोन लावला आणि ओसरीत जाऊन हळूच सासऱ्यांचं नाव सांगितलं. लॅबला विचारून रिपोर्ट कागदावर देते, असं तिथली मुलगी म्हणाली. मग ज्योत्स्नाने तेच नाव मराठीत चाचणीत टाकलं. चाचणी लाल झाली.

थोड्याच वेळात टीम लीडचा, अमरदीपचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"लाल कशाला केलंस? आज नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांत जातेय, लाल असेल तर ती अडेल. जुनं नाव टाक आणि हिरवं कर. बाकी पुढच्या महिन्यात बघू."

"नाही करणार, सर. पेशंट सापडत नाहीयेत."

"नोकरीवर येईल हं तुझ्या."

"येऊ द्या."

"अगं, मला इथे नुसते चौकोन दिसतायत. असं कुणाचं नाव आहे, की त्याच्यापायी सगळं थांबवायचं?"

ज्योत्स्नाने सासूबाईंकडे पाहिलं. प्रयागबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि त्या फोनकडे वाकल्या.

"पुंजाजी," त्या म्हणाल्या. "माह्या मालकाचं हाये."

प्रयागबाई लगबगीने उठल्या, आतल्या खोलीच्या दारात गेल्या, आणि झोपलेल्या नवऱ्याचं पांघरूण वर-खाली होताना दिसेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.