हजार वेळा पाच बदाम

"पाच बदाम," टिकाराम हटवार म्हणाला.

टेबलावरच्या बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे पाहिले. डावीकडे गुरांचे डॉक्टर धनीराम, उजवीकडे राइस मिलवाले सेवकराम आणि समोर टिकारामचे जोडीदार, उपअभियंता भोजराज पटले साहेब. पवनीच्या ऑफिसर्स क्लबात एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या, त्यामुळे गावात ब्रिज खेळणारेही चारच होते. टिकाराम ऑफिसर नव्हता. तो पटले साहेबांच्या हाताखाली पाऊस मोजणारा कारकून होता. पण चौथ्या खुर्चीवरचे तहसीलदार बदलून गेले, आणि तेरा पत्ते खाली न पाडता धरणारा दुसरा कोणी सापडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला बसवले होते.

सेवकराम नुकतेच "चार इस्पिक" बोलले होते. म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरातले दहा हात आम्ही करतो, असा त्यांचा दावा. टिकारामकडे बदामाचे सहा पत्ते होते, एक्का-राजा-राणीसकट. साहेबांनीही बदामाला आधीच टेकू दिला होता. गप्प बसावे की चढून बोलावे? तो चढला. पाच बदाम म्हणजे अकरा हात. डॉक्टरांनी डबल म्हटले, म्हणजे बुडाले तर दंड दुप्पट, आणि टिकारामचे दहाच झाले.

डाव संपल्यावर पटले साहेबांनी चौघांचे पत्ते उलटे मांडले आणि बोटाने एकेक हात मोजून दाखवला. सेवकरामांचे नऊच होत होते.

"तो बुडूनच राहिला होता," साहेब म्हणाले. "त्याले बुडू द्यायचं सोडून तू कायले उडी मारली?"

"पत्त्यावरून पाचच दिसत होते, साहेब."

"टिकाराम, हा डाव तुले हजारदा वाटून दिला, तरी हजारदा पाच बदाम चूकच राहीन."

सोमवारी चौथ्या खुर्चीवर गावात नुकतेच बदलून आलेले पोस्टमास्तर बसलेले होते. सव्वीस जानेवारीला भंडाऱ्यात जिल्ह्याची स्पर्धा होती, साहेबांनी तिच्यासाठी टिकारामला जोडीला धरले होते, आणि टिकारामने त्यासाठी टेरिकॉटचा शर्ट शिवायला टाकला होता. शर्ट मंगळवारी शिवून आला.

ही गोष्ट १९८१ च्या जुलैची. त्या दिवसांत टिकारामचे काम वाढलेले असे. रोज सकाळी साडेआठला ऑफिसामागच्या पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या नळीत ओतायचे, नळी डोळ्यांसमोर धरायची आणि आकडा लिहायचा. हे तो एकोणीस वर्षे करत होता. एका दिवसाच्या पावसावरून पावसाळा सांगणाऱ्या माणसाला तो मनातून वेडा समजे. त्यामुळे त्याने साहेबांना केबिनमध्ये जाऊन सांगितले, "साहेब, तो डाव म्हंजे एकाच दिवसाचा पाऊस झाला. तुमी हजार म्हणाले. मी हजारदा वाटून पाह्यतो."

साहेबांना हसू आले. वरिष्ठ हसले की आदेश पक्का, असा टिकारामचा अनुभव होता.

"पाह्य," साहेब म्हणाले. "निम्म्याहून जास्त तुह्या बाजूने आले, तर खुर्ची तुही. भंडाऱ्यालेही तूच."

पद्धत त्याने आपणच बसवली. आपले तेरा पत्ते, त्या दिवशी होते तेच, पाटावर कायमचे मांडून ठेवायचे. उरलेले एकोणचाळीस पिसून तीन ढीग वाटायचे: साहेबांचा, डॉक्टरांचा, सेवकरामांचा. त्या ढिगांवरून त्या दिवशीच्या बोली झाल्याच नसत्या असे दिसले, तर वाटप रद्द. साहेबांकडे बदामच नसतील तर ते टेकू कशाला देतील? वाटप पटले, तर सगळे पत्ते उघडे ठेवून दोन्ही बाजूंनी खेळून पाहायचे. पाच बदाम फायद्याचे ठरले तर एका वाटीत धानाचा दाणा. गप्प बसणे फायद्याचे ठरले तर दुसऱ्या वाटीत. ही दुसरी साहेबांची वाटी.

दहा वाटपांतले एखादे कामी येई. पहिल्या आठवड्यात नऊ दाणे जमले. मग शेजारच्या गोदावरीबाईंच्या कोंबडीने साहेबांची वाटी साफ केली.

"आता एकपासून," टिकाराम म्हणाला.

"काहून?" त्याची बायको कुंताबाई म्हणाली. "कोंबडी तुमच्या बाजूनं जेवली ना? जेवू द्या का."

"तसं नाही चालत."

त्याने पुन्हा एकपासून सुरू केले. दाण्यांऐवजी चिंचोके घेतले, वाट्यांऐवजी झाकणाचे डबे, आणि शिवाय एक वही आखली. वहीत प्रत्येक वाटपातला प्रत्येक मोठा पत्ता कुणाकडे गेला, त्याचे रकाने होते. पोळ्यापर्यंत एकसष्ट वाटपे झाली. सव्वीस त्याच्या बाजूने, पस्तीस साहेबांच्या. या गतीने हजार व्हायला त्याची पेन्शन सुरू झाली असती.

"मी वाटून देतो," कुंताबाई म्हणाली. "तुमी खेळा आन लिवा. दिसभर ऑफिसात उभे राह्यता, घरी येऊन वाकून बसता. पाठ पाहा कशी झाली."

कुंताबाईला ब्रिजमधले काहीही कळत नव्हते. टिकारामच्या मते वाटणाऱ्यासाठी हीच उत्तम पात्रता होती.

आणि काम एकदम धावू लागले. दहातले एक चालायचे, तिथे तीनातले एक चालू लागले. कधी कधी सलग चार. टिकारामने ऑफिसात सांगितले की कामाची विभागणी केली की उत्पादन वाढते, हे सरकार सांगते ते खोटे नाही. तो संध्याकाळी पाटाशी बसे, कुंताबाई चुलीवरचे उतरवून येई, पदराला हात पुसून पत्ते पिसे आणि पंगतीत वाढावे तशी ढिगांवर फिरे. दिवाळीपर्यंत साडेचारशे झाले. टिकारामचा डबा जड होत चालला, तो हलवला की छान आवाज येई. पोस्टमास्तर घरी येऊन तो आवाज ऐकून गेले आणि क्लबात दोन दिवस कमी बोलले.

तीन जानेवारीला, रविवारी, आठशे बारा झाले. पाचशे एकसष्ट टिकारामच्या बाजूने. उरलेले सगळे साहेबांना गेले असते, तरी निम्म्याहून जास्त त्याचेच. स्पर्धेचा फॉर्म दहा तारखेपर्यंत पाठवायचा होता. टिकाराम अंगणात उन्हाला बसून साहेबांना दाखवायला वहीची फेअर कॉपी काढू लागला.

चौकटच्या एक्क्याच्या रकान्यात त्याचा पेन थांबला. पोळ्यानंतरच्या सातशे एक्कावन्न वाटपांत तो एक्का सहाशे अठ्ठ्याण्णव वेळा साहेबांच्या ढिगात गेला होता. तीन ढीग म्हटल्यावर अडीचशेच्या आसपास जायला हवा. पर्जन्यमापक रोज सारखाच आकडा दाखवू लागला, की समजायचे कुणीतरी त्यात पाणी ओतते आहे.

"कुंता," त्याने हाक मारली. "चौकटचा एक्का साहेबाकडेच काहून जाते?"

कुंताबाई सुपात तांदूळ निवडत होती. "मीच ठेवतो ना."

"तू ठेवतं?"

"मंग? मोठा माणूस आपल्या घरी पानावर येऊन बसते, त्याले का काळे पत्ते वाढू? लाल लाल त्याले देतो. राजा-राणीचे असले तं पह्यले त्याले." तिने एक खडा फेकला. "काळे सारे डॉक्टरले."

"डॉक्टरनं काय केलं?"

"होळीच्या दिवशी आपली गाय पडली होती, तवा हा बापा क्लबात पत्ते खेळत बसला होता."

"मी बी तिथंच होतो, कुंता."

"तुमी थोडी गाईचे डॉक्टर होय?"

टिकारामने रकाने पुन्हा वरून खाली पाहिले. सगळे जुळत होते. बदाम साहेबांकडे, इस्पिक विरुद्ध जोडीकडे. म्हणून वाटपे पटापट चालत होती, आणि जोडीदाराचे पत्ते भारी म्हणून टिकारामचाच डबा भरत होता. चार महिने तो संभवाचा अभ्यास करत नव्हता, कुंताबाईच्या पाहुणचाराचा करत होता.

"आन सेवकरामजी?"

"त्यायले उरलंसुरलं. चांगला माणूस हाय, काही म्हणत नाही."

त्याने पट्टी घेतली आणि सातशे एक्कावन्न ओळींवर पानामागून पान तिरपी रेघ मारली. पर्जन्यमापकात कुणी लोटाभर पाणी टाकले तर त्या दिवसाचा आकडा असाच रद्द करायचा असतो, आणि शेरा लिहायचा असतो. त्याने शेरा लिहिला: 'बाह्य हस्तक्षेप.'

रेघा पाहून कुंताबाई सूप ठेवून उठली. "मिटवता काहून? साहेबाले कोण सांगते?"

"वही सांगते."

"पण आता तुमची खुर्ची?"

टिकारामने पट्टी पुढच्या पानावर ठेवली. कुंताबाई आत गेली. त्या संध्याकाळी तिने भाजीत मीठ घातले नाही, आणि त्याने ते मागितले नाही.

सोमवारी तो दोन डबे आणि वही घेऊन केबिनमध्ये गेला.

"एकसष्टात पस्तीसदा तुमचं बरोबर निघालं, साहेब."

"एकसष्ट?" साहेबांनी चष्मा काढला. "पोस्टमास्तर तं म्हणत होते, डबे भरले."

"बाकीचे रद्द केले. वाटपात पक्षपात झाला."

"कोण केला?"

"वाटणाऱ्यानं."

"म्हंजे तुह्या बाजूने केला असंन."

"नाही साहेब. तुमच्या."

साहेबांनी वही आपल्याकडे ओढली. त्यांचे कुटुंब नागपूरला मुलांच्या शाळेपायी राहत होते, आणि ते स्वतः डाक बंगल्याच्या खानसाम्याच्या हातचे जेवत होते. तो खानसामा सगळ्या भाज्यांना एकच चव देई.

"मले चांगले पत्ते दिले?"

"रोज. चौकटचा एक्का तं सहाशे अठ्ठ्याण्णव वेळा."

"काहून पण?"

टिकारामने जमिनीकडे पाहिले. "तुमी पाहुणे म्हणून."

साहेबांनी चष्मा पुसला. वास्तविक तो स्वच्छ होता. मग त्यांनी शिपायाकडून फॉर्म मागवला आणि त्यावर पोस्टमास्तरांचे नाव लिहिले, कारण ठरले होते ते ठरले होते. टिकारामनेच शाई टिपायला टिपकागद पुढे केला.

सव्वीस जानेवारीला ऑफिसला सुटी होती. टिकारामने टेरिकॉटचा शर्ट घातला, साडेआठला पर्जन्यमापक पाहिला, ०.० लिहिले, आणि घरी येऊन शर्ट घडी करून ठेवला.

रविवारी दुपारी अंगणात सायकल टेकल्याचा आवाज आला. पटले साहेब होते.

"हरले?" टिकारामने खुर्ची पुसत विचारले.

"पह्यल्याच फेरीत. पोस्टमास्तर दिवसभर पास म्हणत राह्यला." साहेब खुर्चीवर न बसता पाटाशी चटईवर बसले. "किती उरले तुहे?"

"नऊशे एकोणचाळीस."

"मंग मी माह्या ढिगावर स्वतः बसतो. वहिनी वाटत असंन तं वाटू दे. पण डोळे मिटून."

कुंताबाईने पदर डोक्यावरून पुढे घेतला, पत्ते पिसले, आणि डोळे घट्ट मिटून वाटू लागली. एकेक पत्ता हाताने चाचपत, ढिगाला बोट लावून. वाटताना तिचे ओठ हलत होते. टिकारामने तिकडे लक्ष दिले नाही. ओठ हलण्याने पत्ते बदलत नाहीत.

वाटून झाल्यावर टिकारामने तिन्ही ढीग उघडले. चौकटचा एक्का डॉक्टरांच्या ढिगात पडला होता. साहेबांकडे दुऱ्या-तिऱ्यांसारखे बारीक पत्ते आणि किलवरचा एक गुलाम.

कुंताबाईने डोळे उघडले. आधी एक्क्याकडे पाहिले, मग साहेबांच्या पत्त्यांकडे. ती उठली. आत गेली, आणि ताटात पाच गरम उडदाचे वडे घेऊन आली. चार तिने दोघांत सारखे वाटले. पाचवा साहेबांच्या बाजूला सरकवला.

टिकारामने ते पाहिले. पेन उचलला, वहीतले सगळे रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि पेन पुन्हा खाली ठेवला.