हसताना हललेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना, कोपरे झिजलेला फोटो आहे. दिघीच्या एका स्टुडिओत संगणकाशेजारी पडलो आहे आणि भीतीने माझी गाळण उडाली आहे.

माझा जन्म चिंचवडच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर झाला. भीमराज त्या दिवशी कंपनीत परमनंट झाला होता. "हलू नका," फोटोवाल्याने बजावले. तेवढ्यात भीमराजची बायको तानुबाई म्हणाली, "अवो, गुंड्या खालीवर लावल्यात!" त्याला हसू आवरेना. तो हलला आणि मी धूसर निघालो. फोटोवाला चिडला, पण तानुबाईला मीच आवडलो. तिने मला पेटीत जपले. पुढे पत्रा गळला, मी भिजलो, डागाळलो आणि विसरला गेलो.

मागच्या महिन्यात भीमराज वारला. त्याचा हसरा असा दुसरा फोटो घरात नाही. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याला आदरांजली वाहायच्या कार्यक्रमाला, मोठा फोटो हवा, म्हणून नात मैत्री आजीला आणि मला घेऊन इथे आली.

स्टुडिओवाल्या दिग्विजयने मला स्कॅन केले. पडद्यावर माझे डाग पुसले, भेगा बुजवल्या. मी सुखावलो. मग तो म्हणाला, "आता शार्प करतो. एकदम एचडी!"

भीमराजचे ओठ आवळले गेले. गालांवर कधीच नसलेले चर उमटले. डोळे रोखलेले दिसू लागले. आता भिंतीवर हा परका चढणार आणि घरातली पोरे त्यालाच आजोबा समजणार!

"भारी आलाय ना, आजी?" मैत्रीने विचारले.

"मग हा जुना टाकून देऊ?" म्हणत दिग्विजयने मला कचऱ्याच्या डब्यावर धरले. मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही.

तानुबाई पडद्याला नाक लावून बघत होती. "पोरी, ह्यो तर हजेरी घ्यायला आलाय. आमचं मानूस हसत व्हतं."

"आजी, मूळ फोटोच हललाय, म्हणून..."

"व्हय, माझ्यामुळंच हललाय. डाग काढ बाबा, पर त्याला हलू दे."

दिग्विजय वरमला. मला टेबलावर ठेवून त्याने तो शार्पपणा मागे घेतला.

मित्रांनो, आमची धूळ झाडा, आमचे डाग काढा; पण आमच्यात नव्हते ते आमच्यावर कोरू नका. आणि नवा कितीही देखणा निघाला, तरी जुन्याला फेकू नका. माझी भीती अजून गेलेली नाही. तानुबाईची नजर अधू होत चालली आहे. तिच्यामागे कुणी पुन्हा त्याला शार्प केले, तर भीमराज हसत होता हे सांगायला मी एकटाच उरणार आहे.