डोळ्याएवढी चीप

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण रस्त्यातला नव्हे. ग्रीसमधल्या तिरिंथ नगराच्या तटात, दक्षिण दरवाजापासून तिसरा. बैलजोडीलाही हलत नाही, म्हणून मला जरा ताठा आहे.

मला डोंगरातून काढले ते कोमास पाथरवटाने. एक डोळा मिटून तो माझी कड सुतळीशी ताडून बघायचा. एके दिवशी तो असाच बघत असताना शेजारच्याचा घण माझ्यावर बसला, कपची उडाली आणि कोमासच्या उघड्या डोळ्यात घुसली. ती कपची माझीच होती, मित्रांनो. डोळा गेला.

काही दिवसांनी तो पट्टी बांधून कामावर आला. सोबती म्हणाले, "चला, कोमासचा डोळा मिटायचा त्रास वाचला!" सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मग ओंडक्यांवरून ओढत आणून त्याने मला तटात बसवले. मी डुगडुगत होतो, तेव्हा जपून ठेवलेली तीच कपची त्याने माझ्याखाली ठोकली. "एवढी महागाची चीप टाकून कशी द्यायची?"

तट पुरा झाला. पण जवाच्या भाकरीवर राबणाऱ्या माणसांनी बांधलेल्या तटाला शत्रू कशाला भ्यायला? राजाने दवंडी पिटवली, की हा तट राक्षसांनी बांधला. "दिसतात कसे हो ते?" लोकांनी विचारले. दवंडीवाला गांगरला. समोर सावलीत कोमाससारखे दोन-तीन एकडोळे पाथरवट भाकरी खात बसले होते.

"एकच डोळा असतो त्यांना," त्याने ठोकून दिले.

वर्षे गेली. म्हातारा कोमास नातीला, एरिथाला, घेऊन माझ्यापाशी आला.

"हा दगड मी बसवलाय, बाळ."

"काहीतरीच, आजोबा! तुम्हाला पाण्याचा घडा उचलत नाही."

"ही चीप बघ. हिनंच माझा डोळा घेतला."

एरिथाने चिपेवर बोट ठेवले. मग पट्टीकडे पाहिले.

"आजोबा! म्हणजे तुम्ही राक्षस होता?"

कोमासने पट्टी सारखी केली. खरे सांगून झाले होते. ते हसण्यावारी गेले होते.

"हो गं," तो म्हणाला. "तेव्हा फार उंच होतो मी."

त्या हिवाळ्यात तो गेला. एरिथा अभिमानाने गावभर सांगत राहिली, पुढे तिची नातवंडेही. राक्षस तेवढा उरला.

मित्रांनो, मोठा तट दिसला की खुशाल तोंडात बोट घाला. पण एकदा खाली वाकून सांध्यातही बघा. माझ्याखाली डोळ्याएवढी एक चीप आहे. तिच्यावर मी उभा आहे. अजून डुगडुगलो नाही.