ओठ न हलवणारी मुलगी

सरकारी शाळेतल्या गाण्याच्या बाईंवर बावीस वर्षांत कुणाचं नाव लिहून द्यायची पाळी आली नव्हती. त्या सोमवारी आली. वरून पत्रक आलं होतं: सकाळी मैदानावर झेंड्यापुढची शपथ आणि राष्ट्रगीत जी मुलं म्हणत नाहीत, त्यांची नावं कळवा. हेडमास्तर तसे गरीब स्वभावाचे, पण पत्रक म्हटलं की ते त्याच दिवशी उत्तर धाडायचे.

सातवीतली बारकी म्हणत नव्हती. शिंप्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत गोड गळा तिचाच. त्यांच्या पंथात देवाशिवाय कुणापुढे शपथ घ्यायची नाही, कुणाचं स्तवन गायचं नाही, असा दंडक. ती हात सरळ ठेवून, मान ताठ करून उभी राही, बस्स.

बाईंनी तिला जिन्याखाली गाठून समजावलं. नुसते ओठ हलव, मागच्या रांगेतली निम्मी पोरं तेच करतात, कुणाला पत्ता लागत नाही.

बारकी म्हणाली, "बाई, ते तर झेंड्याशीही खोटं होईल आणि देवाशीही."

बाईंनी नाव लिहिलं; खाली मात्र एक ओळ जोडली, की मुलगी शांतपणे आणि अदबीने उभी असते. हेडमास्तर ती ओळ खोडायला सांगत होते. बाई हटून बसल्या. ओळ राहिली. त्या दुपारी त्यांना चक्क हायसं वाटलं, आणि पुढे त्याचीच लाज वाटली.

कारण वर ती ओळ कुणी वाचलीच नाही. आठवड्याभरात बाईंनी लिहिलेला कागदच बाहेर फुटला, फाटकाशी पालक जमले, बारकीच्या दप्तरावर कुणी शाईने काहीबाही लिहिलं. शिंप्याने तिला शाळेतून काढलं.

बाई त्यांच्या घरी गेल्या. आई शर्टाची काजं करत होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. बारकी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. बाईंनी सांगितलं, की आपण चांगलंच लिहिलं होतं.

"ठाऊक आहे," आई सुई न थांबवता म्हणाली. "तुम्ही वाईट नाही, बाई. पण नाव तुमच्या अक्षरात होतं."

दुसऱ्या शाळेसाठी खटपट करू का, असं बाईंनी विचारलं. शाळेचं होईल काहीतरी, आई म्हणाली. पण पोरीने गाणंच टाकलंय, घरच्या प्रार्थनेतही तोंड उघडत नाही.

बाई बारकीची वाट बघत बसल्या. आत कुणी हललंही नाही. शेवटी आईने दिवा लावला, तेव्हा त्या उठल्या.