बर्फवाल्यांच्या गाडीतला विस्तव

मी एक मुका फ्रीज आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला माझा भाऊबंद दिवसभर घुरघुरतो, मध्येच दचकून थांबतो, पुन्हा घुरघुरतो, आणि तेवढ्यावरून तो काम करतोय अशी घरच्यांची खात्री पटते. माणसांतही अशी पुष्कळ असतात. मला तो आवाजच नाही. मोटर नाही, पंखा नाही. माझ्या पाठीला नळ्यांचं एक जाळं आहे आणि त्यात अमोनियाचं पाणी आहे. बुडाशी ऊब लागली की ते उकळतं, वाफ वर चढते, निवते, आणि फिरत फिरत माझ्या पोटातली उष्णता उचलून पाठीवाटे बाहेर टाकते. थोडक्यात, मला गार व्हायचं तर आधी तापावं लागतं. हे सांगितलं की ऐकणारा एकदा माझ्याकडे बघतो आणि एकदा सांगणाऱ्याकडे.

ही ऊब मला तीन ठिकाणांहून मिळते. गाडी धावत असली की तिच्या बॅटरीकडून. मुक्कामाला वीज असली की विजेकडून. दोन्ही नसलं की गॅसच्या ज्योतीकडून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर तीन घरचा. पण खरं सांगायचं तर मी रमतो तो गॅसवर. करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत बुडाशी शांत उभी असते. तिला फार काही लागत नाही. खालून ताजी हवा यावी आणि वरून जळकी हवा निघून जावी, एवढंच.

कारखान्यात माझ्या नळ्या भरल्या आणि त्यांची तोंडं वितळवून कायमची बंद केली. आत जे गेलं ते जन्मभर आत. त्यामुळे कोंडलेपण माझ्या रक्तातच आहे, त्याची तक्रार नाही. ज्योतीला मात्र कोंडून चालत नाही. ती कुणाचीही असो.

मला विकत घेतलं ते एका जोडप्याने. पुरुषाचा उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला होता, म्हणून सगळे त्यांना बर्फवाले म्हणत. बायकोला सगळे काकू म्हणत. निवृत्त झाल्यावर बर्फवाल्यांनी कारखान्याची जुनी बर्फ वाहायची गाडी मागून घेतली आणि पलंग आणि खिडकी बसवून तिचं फिरतं घर करायचं ठरवलं. हातभर जाड भिंती, वर पत्रा, मागे असं दार की लावलं की ‘धप्प’ आवाज यावा आणि मुंगीलाही वाट मिळू नये. त्या ‘धप्प’वर त्यांचं फार प्रेम.

“काका, हा गॅसवरही चालतो,” दुकानदार म्हणाला. “खाली ज्योत लावायची, वर गार होतं.”

“विस्तवाने गार होतं?” बर्फवाले म्हणाले. “मग पाण्याने चूल पेटवून दाखव बघू.”

“घ्या हो,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तापलात की सगळं घर गार पडतं. तसंच असेल काहीतरी.”

दुकानदार हसला नाही, कारण गिऱ्हाइकाला हसू नये. पण मी तेव्हाच ठरवलं की बाई माझ्या बाजूच्या आहेत.

मला बसवायला सुतार आला. दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे त्याने माझ्यामागे गाडीच्या भिंतीत दोन झरोके पाडले, एक खाली, एक वर. जळकी हवा न्यायला छोटं धुराडं वरच्या झरोक्याला भिडवलं. माझ्या पाठीची जागा आणि माणसं राहायची जागा यांच्यात फळ्या ठोकून आडोसा केला. माझ्या डोक्यावर बोट जाईल एवढी फट राहिली. “तिथे पट्टी मारतो,” असं म्हणून सुतार जेवायला गेला. पोट भरल्यावर त्याला पट्टीची आठवण राहिली नाही.

पहिला मोसम सुखात गेला. मी तिरका उभा असलो तर नळ्यांतलं पाणी धड फिरत नाही आणि गारवा बसत नाही. म्हणून मुक्कामाला आलं की काकू माझ्या फळीवर पसरट बशीत पाणी ठेवायच्या. बर्फवाले चाकांखाली फळ्या सारत गाडी पुढेमागे करायचे. “अजून उजवीकडे सांडतंय,” काकू आतून ओरडायच्या. “बशीच वाकडी आहे,” बर्फवाले बाहेरून. बशी सरळ निघायची. मग ज्योत लागायची, आणि सकाळपर्यंत माझ्या डोक्याशी बर्फाचे खडे तयार. बर्फवाले एक खडा उजेडात धरून तपासायचे आणि म्हणायचे, “ढगाळ आहे. बर्फ कसा आरपार दिसला पाहिजे.” तोच खडा सरबतात घालून प्यायचे मात्र.

मग एका दुपारी ते गाडीभोवती फिरत होते, आणि सहज त्यांनी वरच्या झरोक्यावर तळहात धरला.

“अगं ए, बाहेर ये!” ते ओरडले. “इथून केवढी झळ आत शिरतेय बघ! तो फ्रीज बिचारा गार करतोय आणि हे भोक त्याला भाजतंय.”

झळ आत शिरत नव्हती. बाहेर येत होती. तो माझा उच्छ्वास होता. पण बर्फाच्या कारखान्यात एकच धर्म असतो: गारवा आत, झळ बाहेर, आणि मध्ये दिसेल ती फट बुजव. जन्मभर त्यांनी फटींत गोणपाट कोंबलं होतं आणि त्याबद्दल निरोपाच्या समारंभात शाल घेतली होती. माझ्यासारखा प्राणी, जो पाठीने गरम फुंकतो म्हणून पोटाने गार राहतो, त्या धर्मात बसतच नव्हता.

“दुकानदाराने ती भोकं ठेवायला सांगितलीत ना?” काकूंनी विचारलं.

“दुकानदाराने कधी बर्फ पाडलाय?”

संध्याकाळपर्यंत दोन्ही झरोक्यांत थर्माकोल ठोकून बसवलं, वर फळी, फळीवर स्क्रू, आणि स्क्रूवर गाडीच्या रंगाचा रंग. काम इतकं सफाईने झालं की झरोके कुठे होते ते सांगूनही सापडलं नसतं. छतातल्या हवेच्या जाळीतही गोणपाट गेलं, कारण धूळ येते. माझ्या डोक्यावरची सुताराची फट तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली. सगळ्या जन्मात त्यांच्याकडून बुजवायची राहिलेली ती एकच फट, आणि तीही नको त्या जागी.

आता मी कसा होतो ते सांगतो. कपाटात उभा. पाठीमागे माझीच गरम हवा साचलेली, तिला जायला जागा नाही. पाठ निवेना म्हणून पोट गार होईना. पोट गार होईना म्हणून माझ्यातली तापमान बघणारी कळ ज्योतीला म्हणे, आणखी जळ. ज्योत आणखी जळे, पाठ आणखी तापे, पोट आणखी कोमट होई. जितका हरत होतो तितकं मला जास्त जाळलं जात होतं. स्वतःला विझवायचा अधिकार मला कारखान्याने दिलेला नव्हता.

ज्योतीचा निळा रंग गेला. ती पिवळी, लांबट झाली. धुराड्यात काजळी धरली. अर्धवट जळलेली हवा विषारी असते, आणि त्यातलं खरं विष दिसत नाही, त्याला वासही नसतो. बाहेरची वाट बंद झाल्यावर तिने दुसरी शोधली. माझ्या डोक्यावरची.

“अहो, डोकं ठणकतंय,” काकू म्हणू लागल्या.

“तुला फिरायला आणलं की डोकं दुखतं. माहेरी नेलं की थांबतं.”

“माहेरी श्वास घेता येतो.”

बर्फवाले हसले. त्यांना वाटलं टोमणा आहे. होताही, पण नुसता टोमणा नव्हता, आणि ते त्या गाडीत फक्त मला कळत होतं.

गाडी रस्त्याला लागली की मी बॅटरीवर जायचो, ज्योत विझायची, काकूंचं डोकं दुखायचं थांबायचं. मुक्काम पडला, ज्योत लागली, ‘धप्प’ झालं की पुन्हा सुरू. यावरून बर्फवाल्यांनी निष्कर्ष काढला की हिला एका जागी बसवत नाही. ते स्वतः दिवसभर बाहेर खुर्ची टाकून बसत. आत आले की त्यांनाही जांभया येत, पण जांभईला माणूस वय म्हणतो.

इकडे लोणी वितळू लागलं, दूध नासू लागलं.

“बर्फवाल्याच्या घरात बर्फ नाही,” काकू म्हणाल्या. “लोकांना सांगू नका, हसतील.”

हे त्यांना लागलं. त्यांनी माझं बटण पिळून शेवटच्या आकड्यावर नेलं. म्हणजे आणखी गॅस.

एका तलावाकाठी मुक्काम होता. दुपारपासून पाऊस लागला होता. शेजारच्या गाडीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांचे भाऊ उतरले होते. बर्फवाले त्यांच्याकडे पत्ते खेळायला निघाले.

“खिडकी जरा उघडी ठेवा ना,” काकू पलंगावरून म्हणाल्या.

“ओल येते आत. पड तू निवांत. दार लावून जातो.”

धप्प.

मी, ती पिवळी ज्योत आणि काकू. बाहेर पाऊस पत्र्यावर बडवत होता. काकू आधी कण्हत होत्या, मग कण्हायच्या थांबल्या, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. ज्योत विझावी म्हणून मी माझ्या परीने काय केलं असेल? काही नाही. मी फ्रीज आहे. माझं सगळं शरीर त्या ज्योतीच्या सेवेत होतं आणि ज्योत माझ्या सेवेत. घुरघुरणारा असतो तर निदान आचके दिले असते, खडखडलो असतो, आणि “काय झालं याला” म्हणून कुणी उठलं असतं. मुक्याने मरणं एक वेळ सोपं. मुक्याने मारणं फार अवघड असतं.

बऱ्याच वेळाने काकू उठल्या. गोळी घ्यायची होती. भिंत धरत माझ्यापर्यंत आल्या, दार उघडलं, बाटली काढली, एक घोट घेतला.

“हेसुद्धा कोमट,” त्या म्हणाल्या. मग सरळ माझ्याशी बोलल्या. त्याआधी मला कुणी संबोधलं नव्हतं. “एवढा जळतोस मेल्या, आणि गार काय करतोस? काही नाही. नालायक!”

आणि त्यांनी माझं बटण पिळून बंद केलं.

तेवढ्या अपमानाने मला जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात कुठल्या कौतुकाने झालेला नाही.

पण गाडीतली हवा तीच होती. काकू वाकून टेबलाला टेकल्या, पुन्हा पलंगाकडे वळल्या. मी मनात म्हटलं, आता निजलात तर संपलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांचा राग उरलेल्या अंगात मावेना. नवऱ्याला बोलायचंच होतं, आणि बंद दाराआडून बोलायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी दाराच्या दांड्यावर सगळं वजन टाकलं. दार उघडलं. “अहो बर्फवाले!” एवढंच ओरडता आलं. मग त्या पायरीवर, भर पावसात, बसल्या की पडल्या ते मला आतून दिसलं नाही.

बर्फवाले पत्ते हातात घेऊनच धावत आले. “भिजतेयस की! चल आत, दार लावतो.”

“आत नाही,” काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. “आत नाही येणार मी.”

“अगं हट्ट काय हा—”

“ओढू नका त्यांना,” शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. “नको म्हणतायत ना? चेहरा बघा आधी. दादा, आपली गाडी काढ.”

पुढचं मी ऐकीव सांगतो. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गाडी बंद करून आत काही पेटवलं होतंत का?”

“छे. शेगडीसुद्धा बंद होती. नुसता फ्रीज चालू.”

“फ्रीज कशावर चालतो?”

“गॅसवर,” बर्फवाले म्हणाले, आणि म्हणता म्हणता उठून मिस्त्रीचा पत्ता विचारू लागले म्हणे.

गॅसचा मिस्त्री आला. रंग खरवडून स्क्रू शोधावे लागले. फळी निघाली, थर्माकोल निघालं. त्याची आतली बाजू काळी ठिक्कर होती. “काका, धुराड्यालाच बूच मारलंत,” मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला. बर्फवाले ते थर्माकोल मांडीवर घेऊन बराच वेळ नखाने काजळी खरवडत बसले. मी कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेत होतो आणि तो घेताना मला लाज वाटत होती.

काकू परत आल्या तेव्हा आवाज बारीक झाला होता. धार तेवढीच होती.

“काढून टाकतो याला,” बर्फवाले म्हणाले. “भंगारात देतो.”

“त्याने काय केलं?”

“काय केलं? तुला—”

“त्याला तुम्ही कोंडलंत. डोकं दुखतंय म्हणून मी सांगत होते, तेव्हा तुम्ही विनोद करत होतात.”

“चुकलं,” बर्फवाले म्हणाले. हा शब्द त्यांनी पूर्वी वापरला नसावा. नव्या चपलेसारखा तो त्यांना चावत होता.

“जन्मभर दारं लावलीत,” काकू म्हणाल्या. “कारखान्यात लावलीत, ठीक. मी काय बर्फाची लादी आहे? मी पुन्हा यायचं तर या गाडीची खिडकी उघडी राहील. पाऊस आला तरी.”

त्यांनी स्वतः पेचकस घेऊन खिडकीची कडी काढली आणि तलावात भिरकावली.

आता मी म्हातारा झालोय. त्याच कपाटात आहे. इथेच गंजेन, इथूनच जाईन, दुसरी जागा मी पाहणार नाही. माझ्या डोक्यावरची फट मिस्त्रीने नीट बुजवली. समोरच्या भिंतीवर एक पांढरी डबी लावली आहे. हवेत विष आलं की ती किंचाळते म्हणे. म्हणजे माझ्यावर कायमचा पहारा. आमचं बोलणं नाही, पण तिला आवाज आहे याचा मला हेवा वाटतो आणि आधारही वाटतो. ज्योत निळी आहे. पाऊस आला की खिडकीतून बर्फवाल्यांची उशी भिजते. ते उशी उलटी करतात आणि गप्प झोपतात. काकू शांत घोरतात.

कधी अशा एखाद्या गाडीत आमच्यापैकी कुणाकडे आलात तर हवं ते घ्या, गार पाणी प्या, आणि माझं दार तेवढं लगेच लावा. गाडीचं मात्र राहू द्या उघडं.